हप्ता थकल्यावर बाजूला बसणारं कोणी हवं

वर्तमानपत्रातली ताबा नोटीस आपण सगळेच वाचतो. बारीक टायपात कर्जदाराचं नाव, सहकर्जदार म्हणून बहुतेक वेळा त्याच्या बायकोचं नाव, फ्लॅट नंबर, चतुःसीमा, येणे रक्कम आणि खाली ‘प्राधिकृत अधिकारी’. सोलापूरसारख्या गावात नाव वाचलं की माणूस ओळखीचा किंवा ओळखीतल्या ओळखीचा निघतोच. आपण हळहळतो आणि पान उलटतो. पण ती नोटीस छापून येते तेव्हा त्या घराच्या हातातला कामाचा वेळ बराचसा संपलेला असतो. हप्ता पहिल्यांदा चुकल्यापासून निदान पाच महिने उलटलेले असतात. खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत वाटेवरचं, होईपर्यंतचे ९० दिवस आणि त्यानंतर कायद्याने दिलेल्या मुदतीचे ६० दिवस. या पाच महिन्यांत त्या माणसाला बँकेचा फोन येतो, वसुलीवाल्यांचा येतो, ‘सेटलमेंट करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाचा येतो. त्याच्या बाजूने कागद उघडून हिशेब मांडणारं मात्र कोणी येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. घराचं कर्ज थकलेल्या कुटुंबाला मोफत आणि जाणकार सल्ला मिळण्याची सोय सरकारने स्वतःच्या खर्चाने करावी, आणि ती जिल्ह्याच्या गावी, इथे सोलापुरात करावी. मी कर्जमाफी मागत नाही. महाराष्ट्राने २०१७ आणि २०१९ साली शेतकऱ्यांसाठी कर्जमाफी केली, तिची कारणं निराळी होती. घरकर्जाला तो रस्ता लावू नये असंच माझं मत आहे. घेतलेलं कर्ज फेडलंच पाहिजे. पण ते कसं फेडता येईल, किती दिवसांत फेडता येईल, आणि फेडता येणारच नसेल तर घर लिलावात जाण्याआधी काय करता येईल, हे सांगणारं माणूस त्या कुटुंबाला मिळालं पाहिजे.

कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे, पण तो माहीत असणाऱ्यालाच उपयोगी पडतो. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार दिला. खातं एनपीए झालं की कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस निघते. या नोटिशीला कर्जदार लेखी हरकत घेऊ शकतो, आणि घेतली तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. ही तरतूद मूळ कायद्यात नव्हती. २००४ साली मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हरकतीचा विचार झाला पाहिजे असं सांगितलं, मग कायद्यात दुरुस्ती झाली. मुदत संपली की आधी कागदोपत्री ताबा, दारावर चिकटवलेली नोटीस आणि दोन वर्तमानपत्रांत जाहिरात. प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज होतो, मग तहसीलदार आणि पोलीस दारात येतात. दाद मागायची तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा या कामासाठी बंद आहे.

बँकेत नोकरी झाल्यामुळे ओळखीपाळखीचे लोक नोटीस आली की माझ्याकडे कागद घेऊन येतात. हरकतीचं ते पत्र मुदतीत पाठवलेलं एकही कुटुंब मला अजून भेटलेलं नाही. नोटीस इंग्रजीत असते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कित्येक घरांत बोलणं तेलुगूतून, शाळा मराठीतून, आणि नोटीस वाचायचं काम दहावीतल्या मुलीकडे. अशाच एका मुलीने मला विचारलं होतं, “काका, हे सगळे चौदा लाख साठ दिवसांत भरायचे का?” तिचे वडील शेजारी मान खाली घालून बसले होते. यंत्रमागावर काम करणारा, कुणाचे चार पैसे न बुडवणारा माणूस.

नोटिशीत आकडा चौदा लाखांचा होता, कारण अशा नोटिशीत सगळं येणं एकदम मागितलेलं असतं. प्रत्यक्षात थकले होते चार हप्ते आणि त्यावरचा दंड, मिळून साठ हजारांच्या आसपास. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार थकलेलं सगळं मुद्दल आणि व्याज भरलं की खातं पुन्हा नियमित वर्गात आणता येतं, आणि घर विकण्यापेक्षा खातं नियमित झालेलं बँकेलाही बरं असतं. म्हणजे त्या घरापुढे खरा प्रश्न साठ हजारांचा होता. चौदा लाख जमणं शक्यच नाही म्हणून त्यांनी महिनाभर काहीच केलं नव्हतं. बँकेत जायचंही टाळलं होतं. साठ हजार उभे करणं अवघड होतं, पण भिशी होती, बहिणीची मदत होती, मालकाकडून उचल मिळण्यासारखी होती. या एका आकड्याचा उलगडा वेळेवर झाला असता तर ते घर महिनाभर झोपेला मुकलं नसतं.

याच नियमाची दुसरी बाजूही लोकांना ठाऊक नसते. खातं एनपीए झाल्यावर एखादा हप्ता भरला तर माणसाला वाटतं, चला, आता सुटलो. पण रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की संपूर्ण थकबाकी भरल्याशिवाय खातं एनपीएतून बाहेर येत नाही. तो एक हप्ता जमा होतो आणि पुढची कारवाई चालूच राहते. तेच पैसे आणखी थोडे जमवून एकरकमी भरले असते तर चित्र पालटलं असतं. हे सांगायला वकील लागत नाही. नियम माहीत असलेला आणि घाई नसलेला माणूस लागतो.

आता या शहराच्या कमाईबद्दल. गिरण्यांच्या काळात पुष्कळ कामगारांना चाळीतली खोली नोकरीसोबत मिळायची. गिरण्या बंद पडल्या, चाळी जुन्या झाल्या. आज घर कर्जासोबत येतं, आणि ज्या कामावर ते कर्ज उभं आहे त्याचा भरवसा महिन्याचाही नसतो. चादर-टॉवेलच्या धंद्यात मागणी पडली की माग थांबतात. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांमागे ठरते, आणि पान-तंबाखू कमी मिळाला तर विड्याही कमी. मजुरी थोडीथोडी हातात येते, हप्ता मात्र महिन्याच्या ठरलेल्या तारखेला एकरकमी खात्यातून कापला जातो. त्या दिवशी दोनशे रुपये कमी पडले तरी हप्ता परत जातो, आणि खातं असलेली बँक व कर्ज देणारी कंपनी दोघीही त्याचा आकार लावतात. अशा कुटुंबांना मोठ्या बँका सहसा कर्ज देत नाहीत. पगारपत्रक नसतं. म्हणून ती गृहवित्त कंपन्यांकडे जातात, जिथे कागद कमी मागतात आणि व्याज जास्त असतं. त्यात वाईट काही नाही, कोणीतरी दारात उभं केलं हेही खरंच. पण सगळ्यात कमी स्थिर कमाई आणि सगळ्यात महाग कर्ज एकाच घरात आलं की पहिला धक्का बसणार तो तिथेच.

व्याजाच्या दराचं गणित तर भल्याभल्यांना कळत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. समजा कोणी त्याआधी १५ लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी ७ टक्क्यांनी घेतलं. हप्ता साधारण ११,६३० रुपये. दर अडीच टक्क्यांनी वाढून ९.५ झाला तर हप्ता १३,९८० च्या घरात जायला हवा. कर्ज देणाऱ्याने हप्ता तोच ठेवला आणि मुदत वाढवली असं लोकांना सांगितलं जातं, तेव्हा त्यांना ते बरंच वाटतं. पण १५ लाखांवर ९.५ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याजच ११,८७५ रुपये होतं. म्हणजे ११,६३० चा हप्ता व्याजालाही पुरत नाही. माणूस दर महिन्याला नियमाने पैसे भरतो आणि कर्ज वाढत जातं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्यावा, आणि मुदत वाढवून असं उलटं कर्ज चढू देऊ नये. नियम चांगला आहे. पण आपल्या खात्यावर तो पाळला गेला का, हे खातेउतारा घेऊन तपासायचं कोणी? २०२५ मध्ये रेपो दर उतरला, त्याचा लाभ आपल्याला मिळाला का, हे तरी किती जणांनी विचारलं? व्यापारी बँकांना ऑक्टोबर २०१९ पासून नवी बदलत्या दराची घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावी लागतात. गृहवित्त कंपन्यांना ते बंधन नाही, तिथे विचारल्याशिवाय दर खाली येईलच असं नाही. दंडाचंही तसंच. एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांवर दंड वेगळा आकारायचा, व्याजदरात मिसळायचा नाही आणि त्या दंडावर पुढे व्याज लावायचं नाही, असा नियम आहे.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. विजापूर रस्त्याकडच्या एका घरात कर्ता माणूस अचानक गेला. तेराव्यानंतर महिनाभराने कंपनीचे फोन सुरू झाले, मग नोटीस आली. ती बाई कागदांची पिशवी घेऊन आली होती. त्या पिशवीतल्या जुन्या खातेउताऱ्यावर, कर्ज दिलं त्याच महिन्यात, विम्याच्या हप्त्यापोटी एक रक्कम कापलेली दिसत होती. कर्जाला जोडलेला विमा नवऱ्याच्या नावावर होता. त्यांना ते सांगितलंच गेलं नव्हतं, की सांगितलेलं नवऱ्यालाच ठाऊक होतं, कोण जाणे. दावा कोणी केलेलाच नव्हता. मृत्यूचा दाखला, विम्याचं प्रमाणपत्र, रुग्णालयाचे कागद गोळा करून दावा गेला आणि मंजूर झाला, कर्जाचा मोठा भाग त्यातून फिटला. या कामात विशेष कायदा काही नव्हता. उतारा ओळीने वाचला, इतकंच. पण वसुलीच्या फोनवर असलेला मुलगा तो उतारा वाचून सांगणार नाही, कारण त्याला पगार वसुलीचा मिळतो.

मुख्य अडचण इथेच आहे. बँकेचा अधिकारी कितीही सज्जन असला तरी तो समोरच्या बाजूला बसलेला असतो. मी स्वतः त्या खुर्चीत बसलो आहे. तिथे बसून माणसाशी नीट बोलता येतं, थोडी मुदत देता येते, वरच्या कार्यालयाला शिफारस करता येते. पण ‘आमच्या दंडाच्या आकारणीवर हरकत घ्या’ असं सांगता येत नाही. ‘आमचा हप्ता महिनाभर राहू द्या, आधी अमुक करा’ असंही सांगता येत नाही. सल्ला देणारा आणि पैसे घेणारा एकच असला की सल्ला एका मर्यादेपर्यंतच जातो. म्हणून बँकांनी ग्राहकसेवा सुधारावी एवढ्याने हा प्रश्न सुटणार नाही.

आणि घराच्या कर्जाशिवायही देणी असतात. पूर्व भागात मायक्रोफायनान्सच्या गटाचा हप्ता ठरल्या दिवशी गल्लीत बसून गोळा होतो. एकीचा कमी पडला तर बाकीच्या बायका बसून राहतात. मोबाइलवरच्या कर्जाच्या अ‍ॅपवाले नातेवाइकांना फोन लावतात. पतसंस्थेचा माणूस दुकानात येतो. घरकर्जवाले त्या मानाने सभ्य. सुरुवातीला फक्त मेसेज येतो. परिणाम असा होतो की जो जास्त ओरडतो त्याचे पैसे आधी जातात आणि ज्याच्याकडे घर गहाण आहे त्याचे राहतात. ज्या कर्जात छप्पर जातं ते सगळ्यात शेवटी. सगळी देणी एका कागदावर लिहून त्यांचा क्रम लावून देणं, हेच चांगल्या सल्लागाराचं पहिलं काम. कोणाला काय उत्तर द्यायचं तेही त्याने सांगावं. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत हा रिझर्व्ह बँकेचा नियमही अनेकांना ठाऊक नसतो. एवढं कळलं तरी घरातली रात्रीची जेवणं शांतपणे होतात.

कोणी म्हणेल, सोयी तर आहेत. आहेत, आणि त्यांची कदर करूनच बोलतो. अग्रणी बँकेची आर्थिक साक्षरता केंद्रं आहेत. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००९ मध्ये जी योजना आणली होती तिच्यात साक्षरतेसोबत कर्जदारांचं समुपदेशनही होतं. २०१२ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनंतर भर साक्षरतेवर आला. शिबिरं होतात, खातं कसं उघडायचं, ओटीपी कोणाला सांगू नये, विमा योजना कोणत्या, हे सांगितलं जातं. गरजेचं आहे. पण हप्ता थकलेल्या माणसाला शिबिर नको असतं, त्याला त्याच्या पिशवीतले कागद बघणारा हवा असतो.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि इथे मला सगळ्यात जास्त आशा दिसते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क आहे. औद्योगिक कामगारालाही आहे. ही सेवा न्यायालयापुरती नाही, न्यायाधिकरणापुढच्या कामालाही लागू आहे. आता बघा, महाराष्ट्रात २०२१ पासून स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. कर्ज देणाऱ्या संस्थाही बायकोला सहकर्जदार करून घेतात. म्हणजे सोलापुरातल्या थकलेल्या घरकर्जांच्या कागदांवर मोठ्या प्रमाणात अशा बायकांची नावं आहेत, ज्यांना सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आजच आहे. त्यांना हे कोणी सांगितलेलं नाही. १५१०० हा विधी सेवेचा मोफत क्रमांक एकाही ताबा नोटिशीवर छापलेला मी पाहिलेला नाही. आणि हक्क वापरायचा ठरवला तरी पॅनेलवरचे वकील दिवाणी-फौजदारीतले. सरफेसीचं काम आणि खातेउताऱ्याचं गणित त्यांच्या रोजच्या वाटेवर नाही.

लोकअदालतीबद्दल थोडं कटू बोलतो. तिथे बँकांची प्रकरणं मोठ्या संख्येने ठेवली जातात, तडजोडी होतात, आकडे वर्तमानपत्रात येतात. पण लोकअदालतीतल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं आणि तिच्यावर अपील नाही. सल्ला न घेता आलेला माणूस गर्दीत, दहा मिनिटांत, पेलणार नाहीत अशा हप्त्यांवर सही करून जातो. तडजोड चांगलीच, पण तिच्या आधीचा अर्धा तास कोणाबरोबर तरी बसून घालवलेला असावा.

कर्जवसुली न्यायाधिकरण पुण्यात. इथून सुमारे अडीचशे किलोमीटर. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची, तारीख घ्यायची, रात्री परत. एका दिवसाची मजुरी बुडाली, तिकीट, वकिलाची फी. जे आधीच हप्ता भरू शकत नाहीत त्यांच्याकडून आपण हे अपेक्षित धरतो. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार मोफत करता येते, पण आधी बँकेकडे तक्रार करून महिनाभर थांबावं लागतं, आणि तितक्यात ६० पैकी ३० दिवस गेलेले असतात.

मग ही पोकळी कोण भरतं? सेटलमेंटवाले. ‘हप्ता भरायचा थांबवा, आम्ही निम्म्यात मिटवून देतो’ अशा जाहिराती मोबाइलवर फिरतात. तारण नसलेल्या कर्जात तो सल्ला काय करील तो करील, गहाण घराच्या बाबतीत तो घर घालवणारा सल्ला आहे. लोक तिथे जातात, कारण दुसरं कोणी फोन उचलत नाही.

बाहेरच्या देशांनी हे केलं आहे, आणि त्यांनी ते दानधर्म म्हणून केलं नाही. आयर्लंडमध्ये २००८ नंतर घरांच्या किमती निम्म्याच्या आसपास घसरल्या आणि हजारो कुटुंबांचे हप्ते थकले. तिथे १९९२ पासून ‘मॅब्स’ नावाची सरकारी पैशावर चालणारी, मोफत आर्थिक सल्ल्याची सेवा होतीच. २०१६ मध्ये तिच्या जोडीला घरकर्ज थकलेल्यांसाठी ‘अभाले’ ही खास योजना आली. कर्जदाराला सरकार व्हाउचर देतं, त्यावर आर्थिक सल्लागाराचा किंवा वकिलाचा मोफत सल्ला मिळतो. ताब्याच्या खटल्यांच्या दिवशी न्यायालयाच्या आवारात मॅब्सचा माणूस हजर असतो, बावरून आलेल्या कुटुंबाला काय चाललं आहे ते समजावतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये मे २०२१ पासून कर्जबाजारी माणसाला सल्लागारामार्फत ६० दिवसांची उसंत मिळू शकते, त्या काळात थकबाकीच्या वसुलीची कारवाई थांबते, चालू हप्ता मात्र भरावाच लागतो. तिथल्या सल्ला सेवेसाठी लागणारा पैसा वित्तसंस्थांकडून कर रूपाने गोळा होतो. त्यांची व्यवस्था उचलून इथे आणावी असं मी म्हणत नाही. त्यांचे पगार, त्यांची न्यायालयं, सगळंच निराळं. पण बाजारावर विश्वास ठेवणाऱ्या देशांनाही कळलं की थकबाकीदाराला सल्ला देणं हा सार्वजनिक खर्च आहे.

आता सगळ्यात जड आक्षेप. बँकेचे पैसे म्हणजे ठेवीदारांचे पैसे. हा आक्षेप सोलापुरात नुसता तात्त्विक नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने इथल्या लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. अशा वेळी ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण मिळतं, पण पैसे अडकल्याचा घोर काय असतो ते आपल्या गावाला माहीत आहे. पेन्शनची रक्कम ठेवलेल्या म्हाताऱ्या माणसाने म्हटलं की ‘थकबाकीदाराचे लाड कशाला’, तर त्याच्या रागाला कारण आहे. मला त्याला एवढंच सांगायचं आहे की सल्लागार वसुलीच्या आड येत नाही. उलट ज्या खात्यात साठ हजारांत गाडी रुळावर येते तिथे लिलावापर्यंत जाण्याने बँकेचंच नुकसान होतं. लिलावातलं घर स्वस्तात जातं. माणसं राहत असलेलं, वादातलं घर घ्यायला लोक कचरतात, वर्ष-दोन वर्षं निघून जातात, व्याज चढत राहतं. हेतुपुरस्सर बुडवणाऱ्याला वकील परवडतात, त्याला या केंद्राची गरजच नाही.

आणि चांगला सल्ला नेहमी गोड नसतो. काही कुटुंबांना ‘हे घर तुम्हाला पेलणार नाही’ असंच सांगावं लागेल. पण तेही वेळेवर सांगितलं तर ते स्वतः गिऱ्हाईक शोधून, बँकेची संमती घेऊन, बाजारभावाने घर विकू शकतात, कर्ज फेडून चार पैसे हातात राहतात, मुलांची शाळा न मोडता भाड्याने जवळच राहता येतं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण येणं भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस निघेपर्यंतच टिकतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तसंच ठरवलं आहे. ही तारीख उलटल्यावर जाग आलेल्या माणसाला कोणीच फारशी मदत करू शकत नाही.

खर्चाचं म्हणाल तर आकडा मोठा नाही. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या भागीदारी प्रकल्पांत एका घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असं अडीच लाखांचं अनुदान दिलं गेलं. आपल्याच कुंभारीच्या माळावर असंघटित कामगारांसाठी रे नगरचा ३० हजार घरांचा प्रकल्प आकाराला आला, त्यातल्या १५ हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. कामगारांच्या चळवळीने लढून मिळवलेली ही गोष्ट आहे आणि सोलापूरकर म्हणून मला तिचा अभिमान आहे. आता एका सल्ला केंद्राचा हिशेब करा. चार माणसं, प्रत्येकी महिना ५० हजार पगार, म्हणजे वर्षाला २४ लाख. जागा, संगणक, टपाल धरून ३० लाख. अडीच लाखांच्या हिशेबाने ही बारा घरांच्या अनुदानाइतकी रक्कम झाली. गरिबाला घरात नेण्यासाठी सरकार एवढा खर्च करतं, तर ते घर टिकवण्यासाठी बारा घरांइतका खर्च जास्त म्हणता येणार नाही. मला विचाराल तर वर्षात तेवढी घरं वाचवणं अशा केंद्राला जड जाऊ नये.

केंद्र जिल्हा न्यायालयाच्या आवारात, विधी सेवा प्राधिकरणाच्या छायेत असावं. बँकेच्या इमारतीत नको. पैसा राज्याच्या गृहनिर्माण विभागाने द्यावा, बँका आणि गृहवित्त कंपन्यांकडून वाटा घ्यायलाही हरकत नाही, पण माणसं नेमण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसावा. निवृत्त बँक कर्मचारी या शहरात भरपूर आहेत, त्यांना तीन महिन्यांचं प्रशिक्षण द्या, सोबत सरफेसी जाणणारा एक वकील. तेलुगू आणि कन्नड बोलणारं माणूस हवंच. पतसंस्थांची कर्जंही त्यांनी पाहावीत. तिथे सरफेसी नाही, सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला निघतो आणि वसुली अधिकारी जप्तीला येतो. त्या वाटेवरही माणूस तितकाच एकटा असतो. पंढरपूर, बार्शी, सांगोला, अक्कलकोटला तालुका विधी सेवा समित्या आहेत, आठवड्यातला एक दिवस तिथे द्यावा.

हे सगळं उभं राहायला वेळ लागेल. पण एक गोष्ट लगेच होण्यासारखी आहे. जिल्ह्यातल्या बँकांची सल्लागार समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बसते. सरफेसी हा केंद्राचा कायदा आहे, जिल्हाधिकारी त्यात बदल करू शकत नाहीत, कलम १४ च्या अर्जात वादाचा निकालही देऊ शकत नाहीत. पण त्या बैठकीत बँकांना आणि गृहवित्त कंपन्यांना एवढं सांगता येतं की ६० दिवसांच्या प्रत्येक नोटिशीसोबत एक जादा पान जोडा. मराठीत आणि तेलुगूत, मोठ्या टायपात. आजच्या तारखेला प्रत्यक्ष थकलेली रक्कम किती, हरकतीचं पत्र कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या तारखेच्या आत पाठवायचं, कर्जाला विमा जोडला आहे का, आणि मोफत सल्ल्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाची खोली कुठे आहे. त्याच कार्यालयातून कलम १४ च्या प्रत्येक अर्जाची एक प्रत प्राधिकरणाकडे गेली, तर तहसीलदार दारात पोचण्याआधी तिथे दुसरं कोणीतरी जाऊन आलेलं असेल.